कामोठ्यांतील छायाचित्रण : कांहीं अनुभव व सूचना

प्रवासवर्णन लिहिण्याजोगीं जीं स्थळें आपल्याकडे प्रसिद्ध आहेत, त्यांत कामोठ्याचें नांव कोणी घेत नाहीं. येथें लेणीं नाहींत, किल्ला नाहीं, हवा खाण्यासाठीं यावें अशी हवाहि नाहीं. मुंबईच्या हार्बर मार्गावरील गाडी बेलापूर सोडून पनवेलकडे निघाली म्हणजे खारघर, मानसरोवर व खांदेश्वर हीं स्थानकें लागतात. त्यांपैकीं शेवटचीं दोन कामोठ्याचीं. एका अंगास शीव-पनवेल हमरस्ता, दुसऱ्या अंगास लोहमार्ग, आणि मधल्या पट्ट्यांत सिडकोनें आंखून दिलेल्या सेक्टरांत उभ्या राहिलेल्या इमारतींच्या रांगा, असें हें उपनगर आहे. परंतु ज्यास छायाचित्रणाची गोडी लागली, त्यास येथें बारा महिने पुरेल इतकी सामग्री आहे. शाळेंतून सेवानिवृत्त होऊन मुलाकडे राहावयास आल्यापासून मी बहुधा रोज पहांटे डिजिटल कॅमेरा, आणि तो नसेल तेव्हां खिशांतील मोबाइल, घेऊन या परिसरांत हिंडत असतों. त्या हिंडण्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु. आतां घरोघरीं मोबाइल झाला आहे; तेव्हां यांतील सूचना कोणाहि गृहस्थास अथवा गृहिणीस उपयोगीं पडतील, अशी आशा आहे.

शब्द आणि यंत्र

'छायाचित्र' हा शब्द मोठा समर्पक आहे. संस्कृतांत छाया म्हणजे सांवली, छाया म्हणजे प्रतिबिंब, आणि छाया म्हणजे कांतिसुद्धां. कॅमेऱ्याचें सगळें कार्य या तीन अर्थांत सामावतें. सूर्याचें तेज सहन न होऊन त्याची पत्नी संज्ञा माहेरीं निघून गेली व आपल्या जागीं तिनें छायेस ठेविलें, ही पुराणांतील कथा वाचकांस ठाऊक असेलच. चित्र काढणाऱ्यापुढें रोज हाच प्रश्न असतो: तेज किती घ्यावयाचें, आणि छायेस किती जागा द्यावयाची.

ही कला आपल्याकडे कांहीं नवी नाहीं. दागेर याची कृति पॅरिस येथें १८३९ मध्यें जाहीर झाली आणि १८५४ मध्यें मुंबईंत छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली. मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली त्याच्या पुढच्याच वर्षींची ही गोष्ट. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नांवाजलेले छायाचित्रकार होते. पुढें कांचेची जागा फिल्मनें घेतली. आणि १९७५ मध्यें अमेरिकेंत कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानें फिल्मवांचून चित्र घेणारें हातीं धरण्याजोगें पहिलें यंत्र बनविलें. त्याचें वजन सुमारें साडेतीन किलो होतें. त्यांतील चित्र काळेंपांढरें व अवघ्या १०,००० बिंदूंचें असे, आणि तें कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत.

आज साध्या मोबाइलचें चित्र १ कोटि २० लक्ष बिंदूंचें, म्हणजे त्याच्या बाराशें पट असतें. हा आंकडा सांगण्याचें कारण असें कीं, दुकानांत मेगापिक्सेलचा जो घोष चालतो त्यास वाचकांनीं भुलूं नये. १ कोटि २० लक्ष बिंदूंचें चित्र १३ इंच लांब व १० इंच रुंद कागदावर उत्तम छापतां येतें. एवढें मोठें चित्र आपल्यापैकीं किती जण छापून घेतात? नवें यंत्र घेण्यापूर्वीं हातांतल्या यंत्राचा अभ्यास करावा, हें श्रेयस्कर.

प्रकाशाची वेळ

कामोठें सुमारें १९ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळें मे महिन्याच्या मध्याला व जुलैच्या अखेरीस असे वर्षांतून दोन दिवस मध्यान्हींचा सूर्य अगदीं डोक्यावर येतो, आणि उभ्या काठीची सांवली तिच्या बुडाशींच नाहींशी होते. जुलैंतला हा दिवस बहुधा ढगांत बुडतो. मे महिन्यांतला मात्र घरांतील मुलांस अवश्य दाखवावा. तथापि छायाचित्रास ही वेळ वाईट. डोक्यावरच्या उन्हानें कपाळ व नाकाचा शेंडा उजळतो आणि डोळ्यांच्या खोबणींत काळोख सांचतो. माणूस कितीहि प्रसन्न असला तरी चित्रांत तो आजारी दिसतो.

आपल्याकडील मुंजी व लग्नें नेमकीं याच ऋतूंत, आणि मुहूर्तहि पुष्कळदां दुपारचे. अशा वेळीं बटूस किंवा वधूवरांस उन्हांत नेऊं नये. मांडवाच्या कडेस जेथें सांवली संपून ऊन सुरू होतें, त्या रेषेच्या दोन हात आंत त्यांस उभें करावें व त्यांचीं तोंडें बाहेरच्या उजेडाकडे करावीं. मांडवाच्या कापडाचा रंग चेहऱ्यावर उतरतो, हेंहि ध्यानांत असावें. लाल कनातीखालीं गोरी मुलगीहि तांबडीलाल दिसते. पांढऱ्या कापडाजवळची जागा सर्वांत चांगली.

उत्तम प्रकाश सूर्योदयानंतरचा पाऊण तास व सूर्यास्तापूर्वींचा पाऊण तास. कामोठ्याच्या पूर्वेस माथेरानचा डोंगर व त्याच्या अलीकडे प्रबळगड आहे. हिवाळ्यांत सूर्य प्रबळगडाच्या बाजूनें वर येतो. त्यामुळें पंचांगांत दिलेल्या सूर्योदयानंतर कांहीं मिनिटांनीं पहिलें ऊन इमारतींच्या वरच्या मजल्यांवर पडतें, आणि मग तें एकेक मजला उतरत रस्त्यावर येतें. हें उतरणारें ऊन पाहात गच्चीवर उभें राहावें. दक्षिणेकडे हवा स्वच्छ असल्यास कर्नाळ्याचा सुळका दिसतो. हिवाळ्यांत धुकें व धूर यांमुळें डोंगर पुसट होतात. त्यांच्या एकामागें एक अशा निळसर रांगा दाखवावयाच्या असतील तर हाच काळ बरा. डोंगराच्या कड्या-कपारी दाखवावयाच्या असतील तर पावसाच्या दोन सरींमधली उघडीप गांठावी. त्या वेळीं प्रबळगड हात लांबवून शिवतां येईल असा जवळ भासतो.

छिद्र, काळ व संवेदनक्षमता

कॅमेऱ्यांत किती प्रकाश यावा, हें तीन गोष्टींवर ठरतें. नळाखालीं हंडा भरावयाचा आहे, अशी कल्पना करावी. नळाचें तोंड केवढें, हें भिंगाचें छिद्र. नळ किती वेळ उघडा, हा झडपेचा काळ. आणि किती थोड्या पाण्यानें हंडा भरला असें धरावयाचें, ही आय. एस. ओ. नांवाची संवेदनक्षमता. छिद्राचे आंकडे उलटे चालतात: ४ पेक्षां ५.६ लहान, ५.६ पेक्षां ८ लहान, आणि या मालिकेंत प्रत्येक पायरीस प्रकाश निम्मा होतो. मोठ्या छिद्रानें समोरचें माणूस स्पष्ट व पाठीमागचें सर्व धूसर येतें. लहान छिद्रानें जवळच्या झुडुपापासून दूरच्या डोंगरापर्यंत सर्व रेखीव येतें.

झडपेचा काळ विषयावरून ठरवावा. अंगणांत खेळणाऱ्या मुलास सेकंदाचा अडीचशेंवा भाग पुरतो. उडत्या बगळ्यास हजारावा भाग लागतो. स्थिर वस्तूचें चित्र हातांत कॅमेरा धरून घ्यावयाचें असेल तर जुना नियम असा कीं, भिंग ५० मिलिमीटरचें असल्यास काळ सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून अधिक ठेवूं नये, २०० मिलिमीटरचें असल्यास दोनशेंव्याहून अधिक ठेवूं नये. कोंपर बरगडीस टेंकावें, श्वास हलकेच सोडून मग बोट दाबावें. प्राणायामाची संवय असणारांस हें सहज साधतें. संवेदनक्षमता वाढविली म्हणजे अंधारांतहि चित्र येतें, परंतु त्यावर वाळू पसरल्यासारखे कण दिसूं लागतात. तरीहि हललेल्या चित्रापेक्षां कणदार चित्र केव्हांहि बरें. हललेलें चित्र कोणत्याहि उपायानें सरळ होत नाहीं.

घरांतील दिव्यांविषयीं एक गोष्ट सांगतों. आपल्याकडील वीज सेकंदास पन्नास आवर्तनांची असल्यामुळें कित्येक दिवे सेकंदांत शंभर वेळां मंद-तेजस्वी होत असतात. डोळ्यास तें कळत नाहीं. परंतु झडपेचा काळ फार लहान ठेविल्यास चित्रावर आडवे काळे पट्टे उमटतात. सत्यनारायणाच्या पूजेचीं किंवा हळदीकुंकवाचीं चित्रें घेतांना पन्नासावा अथवा शंभरावा भाग ठेविला कीं हे पट्टे जातात.

डिजिटल यंत्राचा आणखी एक स्वभाव आहे. त्यांत सांवलींतलें हरवलेलें पुष्कळसें परत मिळवितां येतें, परंतु एकदां पांढरेंफट्ट झालेलें कांहीं केल्या परत येत नाहीं. फिल्मच्या निगेटिव्हचा स्वभाव याच्या उलट होता. म्हणून गणपतीच्या मूर्तीमागें दिव्यांची आरास असेल, किंवा नवऱ्या मुलीची साडी पांढऱ्या-पिवळ्या रंगाची असेल, तेव्हां चित्र किंचित् काळोखाकडे झुकलेलें घ्यावें व मागाहून सावकाश उजळ करावें.

मोबाइलधारकांसाठीं

मोबाइलचें भिंग दिवसभर बोटांनीं व कपड्यांनीं माखत असतें. दिव्याभोंवतीं जें धुरकट तेजोवलय दिसतें, तें शेंकडा नव्वद वेळां या तेलकटपणाचें असतें. चित्र काढण्यापूर्वीं मऊ, धुतलेल्या सुती कापडानें भिंग पुसावें; धोतराच्या जुन्या तुकड्याइतकें चांगलें कापड यासाठीं दुसरें नाहीं.

पडद्यावर ज्या ठिकाणीं बोट टेंकावें तेथें यंत्र दृष्टि स्थिर करतें आणि प्रकाशहि तेथलाच मोजतें. मग बोट खालीं सरकविलें तर बहुतेक मोबाइलांत चित्र काळसर होतें, वर सरकविलें तर उजळ. खिडकीशीं बसलेल्या माणसाचें चित्र काळें येतें अशी तक्रार नेहमीं ऐकूं येते. त्याच्या चेहऱ्यावर बोट टेंकणें एवढाच तिचा उपाय. दोन बोटें फांकवून चित्र जवळ आणण्याची संवय मात्र सोडावी. पुष्कळ यंत्रांत त्यानें दूरची वस्तु खरोखर जवळ येत नाहीं. चित्राचा मधला तुकडा कापून फुगविला जातो, इतकेंच. चार पावलें पुढें चालावें. पाय हेंच सर्वांत स्वस्त भिंग होय.

चित्रांत काय ठेवावें याविषयीं पुस्तकांत अनेक नियम आढळतात. अकराव्या शतकांतील काश्मीरी पंडित क्षेमेंद्रानें काव्याचा प्राण म्हणून औचित्य सांगितलें. तोच एक निकष येथें पुरे. चौकटींतील प्रत्येक वस्तूस विचारावें, 'तूं येथें कशासाठीं?' जिला उत्तर नाहीं ती बाहेर काढावी. आजीच्या डोक्यांतून उगवलेला विजेचा खांब, नैवेद्याच्या ताटाशेजारीं पडलेली प्लॅस्टिकची पिशवी, या वस्तु बटण दाबण्यापूर्वीं दोन पावलें बाजूस सरलें तरी नाहींशा होतात. चित्र काढल्यावर यंत्रांत खोडाखोड करीत बसण्यापेक्षां हें सोपें आहे.

खाडी आणि पंचांग

कामोठ्याचें खरें वैभव खाडी होय. लोहमार्गाच्या पलीकडे व खारघरच्या बाजूस तिवरांचें दाट बन आहे. भरतीचें पाणी ओसरलें कीं चिखलांतून वर आलेलीं तिवरांचीं श्वासमुळें शेंकडों बोरूंसारखीं उभीं दिसतात, आणि त्यांच्यामध्यें निवट्या उड्या मारतात. बगळे, खंड्या, शेकाट्या व तुतवार हे येथले नेहमींचे मानकरी. हिवाळ्यांत पाहुण्या पक्ष्यांची भर पडते. आकाशांत ब्राह्मणी घार तांबड्या पंखांनीं घिरट्या घालते.

पक्षी चिखलावर उतरतात ते ओहोटीच्या वेळीं. तेव्हां आपल्या सोईनें खाडीवर जाण्यांत अर्थ नाहीं. तिच्या सोईनें जावें लागतें. यासाठीं कोळ्यांचा जुना नियम मोठ्या उपयोगाचा आहे, आणि त्यास पंचांगाखेरीज कांहीं लागत नाहीं. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट केली कीं भरतीची स्थूल वेळ निघते. चतुर्थीस तीनच्या सुमारास भरती, अष्टमीस सहाच्या सुमारास. आणि भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी. या हिशेबानें पौर्णिमा व अमावास्या यांच्या आसपास भरती दुपारीं बाराच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी सकाळीं व सायंकाळीं सहाच्या सुमारास. ज्या वेळीं ऊन सर्वांत कोंवळें, त्याच वेळीं चिखल उघडा! पर्वणीचे हे चार-दोन दिवस पक्षी पाहाणारानें चुकवूं नयेत. पनवेलच्या खाडींत पाणी आंतवर येण्यास थोडा अधिक वेळ लागतो, तेवढी सवलत धरावी.

पक्ष्याचें चित्र घेतांना उभें न राहतां बांधावर खालीं बसावें. भिंग पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीस आलें कीं पाठीमागचा चिखल दूर जातो व पक्षी उठून दिसतो. घरट्याजवळ मात्र जाऊं नये आणि पक्षी उडावा म्हणून खडा मारूं नये. तिवरांत शिरून झाडें तुडवूं नयेत. मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ मध्यें या वनास संरक्षण देणारा निर्णय दिला आहे, आणि न्यायालयानें सांगितलें नसतें तरी हें पथ्य पाळणें आपलें काम होतें. आतां जवळच विमानतळ झाल्यामुळें परवानगीवांचून ड्रोन उडविणेंहि मना आहे.

पावसाळ्यांतील पथ्य

कोंकणच्या दमट हवेंत भिंगाच्या आंत बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे एकदां पसरले म्हणजे भिंग कायमचें मंद होण्याची भीति असते. चामड्याच्या पेटींत कॅमेरा बंद करून ठेवणें हें बुरशीस निमंत्रणच. झांकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यांत तो ठेवावा. पुड्यांतील दाण्यांचा रंग बदलला कीं ते मंद आंचेवर तापवून पुन्हां वापरावे. आठवड्यांतून एकदां तरी कॅमेरा बाहेर काढून उजेडांत वापरावा. वातानुकूलित खोलींतून एकदम बाहेर आणल्यास भिंगावर दंव धरतें. तेव्हां तो पिशवींतच अर्धा तास राहूं द्यावा व मग उघडावा.

एवढी काळजी घेतली तर पावसासारखा ऋतु नाहीं. ढगाळ दिवशीं आकाश हीच एक मोठी पांढरी कनात होते आणि चेहऱ्यावर कोठेंहि कठोर सांवली राहात नाहीं. पावसाच्या धारा दाखवावयाच्या असतील तर मागें काळी भिंत किंवा दाट झाड असावें व उजेड समोरून तिरपा यावा. मानसरोवर स्थानकाच्या पुलावर पहिल्या पावसाच्या दिवशीं छत्र्यांची जी गर्दी उतरते, ती वरून पाहावी. एवढें रंगीत दृश्य मोठ्या तीर्थक्षेत्रींहि क्वचित् मिळेल.

माणसें

माणसाचें चित्र घेण्यापूर्वीं त्यास विचारावें. मासळी विकणारी बाई, हातगाडीवाला, देवळाच्या पायरीवर बसलेला वृद्ध, हे कांहीं देखाव्यांतील वस्तु नव्हेत. विचारल्यावर कोणी 'नको' म्हणाले तर नमस्कार करून पुढें जावें. 'हो' म्हणाले तर चित्राची छापील प्रत त्यांस नेऊन द्यावी. दुसऱ्यांच्या मुलांचीं चित्रें आईबापांच्या संमतीवांचून जगभर पाठवूं नयेत.

या प्रत देण्याच्या रिवाजामुळेंच जुन्या कामोठें गांवांत माझे पाय वळूं लागले. नव्या कामोठ्यांत राहाणारांस पुष्कळदां ठाऊक नसतें कीं, या सेक्टरांखालीं भातशेतें होतीं. सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्यें झाली आणि ठाणें व कुलाबा (आतांचा रायगड) या जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घ्यावयाच्या ठरल्या. योग्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं लढा दिला; जानेवारी १९८४ मध्यें जासई व आसपास झालेल्या गोळीबारांत पांच शेतकरी मृत्युमुखीं पडले. पुढें मिळालेली साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना ही त्या लढ्याची फलश्रुति.

गांवांतील ऐंशींच्या घरांतले एक आगरी गृहस्थ मला एकदां म्हणाले, "गुरुजी, माझ्या शेताचा एक फोटो काढून द्या." शेत कोठें आहे म्हणून विचारलें, तेव्हां काठी टेंकीत त्यांनीं मला एका सहा मजली इमारतीपाशीं नेलें. मोटारी उभ्या करण्याच्या जागेंत उभें राहून त्यांनीं काठीनें दाखविलें: हा आमचा बांध, येथें उघाडी, तेथें खळें. त्यांच्या घरीं सातबाऱ्याचे उतारे व भूसंपादनाच्या नोटिसा प्लॅस्टिकच्या पिशवींत नीट गुंडाळून ठेवलेल्या आहेत. परंतु त्या शेताचें एकहि चित्र कोणी कधीं काढलेलें नव्हतें. "सातबाऱ्यावर आंकडे हायत, शेत नाय," असें ते म्हणाले. मीं त्यांचें चित्र तेथेंच, मोटारींच्या रांगेंत, काठीनें बांध दाखवीत असतांना घेतलें.

परत आल्यावर त्यांच्या पत्नी दारांत तांदूळ निवडीत बसल्या होत्या. दारांतून तिरपा येणारा उजेड, मागें ओटीचा अंधार, आणि हातांत सूप. आजींनीं पदर सारखा केला व "माझा कशाला?" म्हणून हंसल्या. तो हंसतांनाचा क्षण मिळाला. आठ दिवसांनीं दोन्ही चित्रें छापून दिलीं. पुढें चार महिन्यांनीं आजी वारल्या. तेराव्या दिवशीं मी गेलों तेव्हां भिंतीवर तेंच चित्र हाराखालीं होतें. शेजारीं सासऱ्यांचें चित्र होतें. तें कोणत्याशा ओळखपत्रावरून मोठें केलेलें, डोळे वटारलेलें, ओळखूं न येणारें. घरांतला नातू म्हणाला, "सर, आजी अशीच दिसायची."

आपल्या किती घरांतून वडीलधाऱ्यांचीं चित्रें अशीं ओळखपत्रावरून फुगविलेलीं आहेत, याचा वाचकांनीं विचार करावा. ज्या यंत्रानें आपण रोज जेवणाच्या ताटाचीं चित्रें घेतों, त्यानेंच घरांतील वृद्धांचें एक चित्र दाराच्या उजेडांत, त्यांच्या नेहमींच्या कामांत असतांना, घेऊन ठेवावें. त्यांस सजवून खुर्चींत बसवूं नये. हातांतली वात, पोथी किंवा अडकित्ता हातांतच असूं द्यावा.

एकच जागा, पुन्हां पुन्हां

दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वीं, १९१२ मध्यें, वाटाण्याच्या अंकुराची वाढ दाखविणारी एक लहानशी फीत तयार केली होती. यंत्र एका जागीं रोंवून दिवसामागून दिवस एकाच रोपाचें थोडें थोडें चित्रण, असा तो उद्योग. कामोठ्यासारख्या बदलत्या गांवास हीच रीति लागूं पडते. एक जागा ठरवावी, तीच दिशा, तीच वेळ. आणि दर महिन्यास एक चित्र घ्यावें. आमच्या गच्चीवरून नैर्ऋत्येकडे घेतलेल्या अशा मालिकेंत खाडीपलीकडचा विमानतळ आकारास येतांना दिसतो. त्याचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें आणि त्याच वर्षींच्या डिसेंबरांत तेथून विमानांची ये-जा सुरू झाली. यांतलें कोणतेंहि एक चित्र एकटें घेतलें तर त्यांत पाहाण्यासारखें कांहीं नाहीं. ओळीनें मांडलीं म्हणजे तो एक इतिहास होतो. २०१६ मध्यें कामोठें पनवेल महानगरपालिकेंत आलें. उद्यां आणखी कांहीं होईल. आज साधें वाटणारें तळें, टपरी, पिंपळ, हे दहा वर्षांनीं कोणीतरी विचारील.

जतन

मोबाइलांत हजारों चित्रें असतात आणि तो एके दिवशीं पाण्यांत पडतो. म्हणून तीन प्रती असाव्या: एक यंत्रांत, दुसरी घरांतील हार्ड डिस्कवर, तिसरी घराबाहेर, नातलगाकडे किंवा इंटरनेटवरील सांठ्यांत. व्हॉट्सॲपनें नेहमींच्या रीतीनें पाठविलेलें चित्र आकारानें लहान होऊन पोंचतें. छापावयाचें असेल तर तें 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावें. कॅमेऱ्यांतलें घड्याळ बरोबर असावें, कारण प्रत्येक चित्राबरोबर तारीख व वेळ आपोआप नोंदली जाते. घड्याळ चुकलें तर ती नोंद खोटी साक्ष देत राहाते.

महिन्याच्या शेवटीं एक तास काढून चित्रें निवडावीं. शंभरांतून पांच ठेवावीं, बाकीचीं निर्दयपणें काढून टाकावीं. राहिलेल्यांचीं नांवें माणसाच्या भाषेंत लिहावीं: कोण, कोठें, केव्हां. आपल्या आजोळच्या जुन्या चित्रांत मागें उभ्या असलेल्या त्या नऊवारी नेसलेल्या बाई कोण, हें सांगणारें घरांत आज कोणी उरलेलें नसतें. आपल्या नातवंडांवर तीच पाळी येऊं नये.

आणि वर्षाकांठीं बारा चित्रें तरी कागदावर छापावीं. कागद पाहाण्यास वीज लागत नाहीं, परवलीचा शब्द लागत नाहीं, आणि चष्मा पुसून आजी-आजोबांसहि तो हातांत धरतां येतो. मागच्या बाजूस मऊ पेन्सिलीनें नांव व तारीख लिहावी. शाई पुढें फुटते. येत्या दिवाळींत फराळाच्या डब्याबरोबर अशीं बारा चित्रांची एक वही ज्या घरांत तयार होईल, त्या घरानें कॅमेऱ्याची किंमत वसूल केली असें समजावें.